रस्त्याचा खर्च कोणी सोसायचा?

फ्रान्सचा नकाशा समोर घ्या आणि त्याच्या आग्नेय भागात ऱ्होन नदी शोधा. आल्प्सकडून येणारी ही नदी लिआँ शहरापासून दक्षिणेकडे वळते आणि सरळ भूमध्य समुद्राला जाऊन मिळते. समुद्राच्या अलीकडे, नदीच्या पूर्वेला ओरांज नावाचे गाव आहे. तिथून बोट नैर्ऋत्येकडे सरकवत नेले की नीम, माँपेलिए, बेझिए, नार्बन आणि पेर्पिन्याँ ही शहरे क्रमाने लागतात आणि शेवटी पिरेनीज पर्वतातल्या एका खिंडीत स्पेनची सरहद्द येते. दक्षिण फ्रान्समधल्या या शहरांना सरहद्दीशी जोडणारा सुमारे २८० किलोमीटर लांबीचा द्रुतगती महामार्ग आज तिथे आहे. सरकारी नोंदीत त्याचे नाव ‘ए-९’. त्यावरून जाणाऱ्याला पथकर, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत टोल, भरावा लागतो.

हा महामार्ग उणापुरा पन्नास-साठ वर्षांचा असला, तरी ही वाट मात्र दोन हजार वर्षांहून जुनी आहे. एकाच पट्टीवर, एकाच दोन टोकांमध्ये माणसांनी पुन्हा पुन्हा रस्ते बांधले. त्यामुळे इतर ठिकाणी सहज विचारता येत नाही असा एक प्रश्न इथे विचारता येतो. वाट तीच राहिली, पण तिचा खर्च प्रत्येक काळात कोणी सोसला? आणि आपण आधी जो रस्त्याचा केवळ हिशेब समजतो, त्यात भौतिकशास्त्राचा काही भाग आहे का?

भूगोलाने आखलेली वाट

ही वाट इतकी टिकून का राहिली, हे नकाशाच सांगतो. उत्तरेला फ्रान्सच्या मध्यवर्ती पठाराच्या कडा आहेत. दक्षिणेला समुद्र आहे, पण किनारा सरळ नाही. वाळूच्या दांड्यांमागे खाऱ्या पाण्याची मोठमोठी सरोवरे आणि त्यांच्याभोवती दलदल आहे. ही दलदल १९६० च्या दशकापर्यंत डासांसाठी कुप्रसिद्ध होती. डोंगर आणि दलदल यांच्यामध्ये कोरड्या, सपाट जमिनीचा जो पट्टा उरतो, त्यातूनच जाणे भाग आहे.

पुढे पिरेनीज आडवा येतो. अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे ४३० किलोमीटर पसरलेल्या या पर्वताचे सर्वोच्च शिखर ३,४०० मीटरांहून उंच आहे. मात्र पूर्वेच्या टोकाला तो समुद्राकडे उतरत जातो आणि तिथे ल पेर्त्युसची खिंड अवघी २९० मीटरांच्या आसपास आहे. बैलगाडी असो की चाळीस टनांची मालमोटार, चढावर खर्च होणारी ऊर्जा वजन आणि उंची यांच्या गुणाकारावर ठरते. तेव्हा सर्वांनी सखल खिंड पसंत करावी यात नवल नाही. इ. स. पू. २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल आपले हत्ती घेऊन रोमवर चालून गेला, तोही पूर्व पिरेनीज ओलांडून याच पट्ट्यातून ऱ्होनकडे गेला.

पेर्पिन्याँच्या उत्तरेला साल्स नावाच्या ठिकाणी हा पट्टा फारच अरुंद होतो. एका बाजूला चुनखडीच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला सरोवर. या चिंचोळ्या जागेतून जुना हमरस्ता, रेल्वे आणि ए-९ हे तिन्ही जवळजवळ खांद्याला खांदा लावून जातात. महामार्गालगतच एक प्रचंड किल्ला दिसतो. तो स्पेनने १४९७ मध्ये बांधायला घेतला, कारण त्या वेळी दोन राज्यांची सरहद्द इथे होती. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने रुसियाँ प्रांत फ्रान्सकडे गेला आणि सरहद्द सुमारे ४५ किलोमीटर दक्षिणेला, खिंडीपर्यंत सरकली. किल्ल्याचे प्रयोजन संपले. सरहद्द हलली, वाट मात्र जागची हलली नाही.

रोमन सडक आणि एक खटला

या वाटेला सडकेचे रूप दिले ते रोमनांनी. इ. स. पू. ११८ च्या सुमारास ग्नेयस डोमिटियस अहेनोबार्बस या सेनानीने इटली आणि स्पेन यांना जोडणारा मार्ग आखला. त्याच्याच नावावरून ती ‘व्हिया डोमिटिया’ झाली. त्याच सुमारास नार्बन ही रोमन वसाहत स्थापन झाली. नार्बनच्या दक्षिणेला त्रेय गावाजवळ १९४९ मध्ये एक मैलाचा दगड सापडला. त्यावर डोमिटियसचे नाव आणि वीस हा आकडा कोरलेला आहे. रोमन मैल सुमारे १,४८० मीटरांचा, म्हणजे वीस मैल साधारण साडेएकोणतीस किलोमीटर होतात, आणि नार्बनपासूनचे अंतर तेवढेच भरते. पुढे खिंडीजवळ पाँपेने इ. स. पू. ७१ मध्ये आपले विजयस्मारक उभारले. त्याचा पाया १९८४ मध्ये ओळखण्यात आला. जुना मार्ग त्या पायातूनच जातो.

व्हिया डोमिटिया म्हणजे सर्वत्र दगडी फरसबंदी, असे चित्र मनात असेल तर ते पुसावे लागेल. उघड्या मुलुखात ती ठोकून घट्ट केलेल्या खडी-मातीची होती आणि फरशी प्रामुख्याने गावांमध्ये असे. नीम आणि माँपेलिए यांच्या दरम्यान अंब्रुसुम नावाचे रोमन मुक्कामाचे ठाणे होते. तिथल्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आजही दिसतात. ‘चाकोरी’ हा शब्द आपण एरवी अलंकारिक अर्थाने वापरतो. इथे तो अक्षरशः दगडात उमटलेला आहे. चाकोरी म्हणजे झीज, आणि झीज म्हणजे दुरुस्तीचा खर्च. या सडकेवरच्या मैलांच्या दगडांवर ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस, अँटोनायनस पायस अशा एकामागून एक सम्राटांची नावे येतात, याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या काम काढावे लागत होते.

हा खर्च कोण देत होते? याचे उत्तर आपल्याला एका खटल्यातून मिळते. इ. स. पू. ७० च्या दशकात मार्कुस फोंटेयस या प्रांताचा सुभेदार होता. रोमला परतल्यावर त्याच्यावर प्रांतातल्या लोकांनी खटला भरला आणि प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने त्याचे वकीलपत्र घेतले. ते भाषण तुटक स्वरूपात आज उपलब्ध आहे. त्यातून दिसते की व्हिया डोमिटियाच्या दुरुस्तीचे काम स्थानिक लोकांवर लादले होते, आणि फोंटेयसने त्यात पैसा केला असा आरोप होता. काहींकडून पैसे घेऊन त्यांना कामातून सूट दिली, तर काहींचे निकृष्ट काम पैसे घेऊन पसंत केले. दुसरा आरोप द्राक्षदारूवरच्या जकातीचा होता. सिसेरोचा बचाव असा की सुभेदार राज्याच्या मोठ्या कामांत गुंतलेला होता आणि रस्त्याचे काम त्याने हाताखालच्यांवर सोपवले होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा आरोप आणि हा बचाव, दोन्ही आपल्याला अगदी ओळखीचे वाटतील.

वेठ, कर आणि कालवा

रोमन साम्राज्य गेल्यावर सडकेची निगा राखणारी एकच सत्ता उरली नाही. मध्ययुगात ठिकठिकाणच्या सरदारांनी पूल, नदीचे उतार आणि वेशी यांवर पथकर बसवले. पथकराच्या बदल्यात रस्ता नीट ठेवायचा असा संकेत होता, पण कर वसूल होई आणि रस्ता तसाच राही, ही तक्रार सार्वत्रिक होती.

अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजसत्तेने रस्ते पुन्हा हाती घेतले. १७४७ मध्ये पूल आणि रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांसाठी पॅरिसमध्ये खास शाळा सुरू झाली. पण मजूर कोठून आणायचे? १७३८ पासून देशाच्या बहुतेक भागात ‘कोर्व्हे’ म्हणजे वेठबिगार लागू झाली. शेतकऱ्याने वर्षातले काही दिवस स्वतःचे बैल आणि गाडी घेऊन राजरस्त्यावर फुकट राबायचे. सरदार आणि धर्मगुरू यांना यातून सूट होती. म्हणजे ज्यांच्या बग्ग्या त्या रस्त्यावरून धावत ते काही देत नव्हते, आणि जो क्वचितच गावाबाहेर जाई तो रस्ता बांधत होता. १७७६ मध्ये अर्थमंत्री त्युर्गो याने ही वेठ रद्द केली. त्याच वर्षी त्याला पायउतार व्हावे लागले आणि वेठ परत आली. अखेर १७८७ मध्ये तिची जागा पैशातल्या कराने घेतली.

आपल्या वाटेवरचा लाँगदॉक प्रांत मात्र याला अपवाद होता. तिथे प्रांताची स्वतःची सभा होती आणि ती वेठ न लावता जमिनीवरच्या कराच्या पैशातून रस्ते बांधत असे. इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग १७८७ च्या उन्हाळ्यात स्पेनमधून याच खिंडीने फ्रान्समध्ये आला. सरहद्द ओलांडताच खडबडीत वाट संपून भक्कम, भव्य सडक सुरू झाल्याचे त्याने नोंदवले आहे. पण लाँगदॉकच्या या सुंदर रस्त्यांवर वाहतूक फारच तुरळक आहे, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. एवढा खर्च कोणासाठी, असा प्रश्न त्याला पडला. कराच्या पैशातून रस्ता बांधला की तो न वापरणाऱ्यालाही पैसे द्यावे लागतात. वेठीच्या मानाने ही पद्धत किती तरी सौम्य, पण प्रश्न सुटला असे नाही.

याच प्रदेशात एक तिसरा प्रयोगही झाला होता. बेझिएचा प्येर-पॉल रिके हा मिठावरच्या कराचा मक्तेदार होता. तुलूझपासून समुद्राकाठच्या तो सरोवरापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा कालवा खणण्याची परवानगी त्याने चौदाव्या लुईकडून १६६६ मध्ये मिळवली. खर्च राजा, प्रांताची सभा आणि स्वतः रिके यांनी वाटून घेतला. मोबदल्यात कालव्यावरचा पथकर घेण्याचा हक्क रिकेच्या घराण्याला मिळाला. १६८१ मध्ये कालवा खुला झाला, पण त्याआधी काही महिने रिके वारला होता आणि त्याच्या डोक्यावर प्रचंड कर्ज होते. ते फेडण्यात वारसांची कित्येक दशके गेली. खाजगी माणसाने पैसा घालायचा, सरकारने त्याला ठरावीक हक्क द्यायचा आणि वापरणाऱ्याने भरपाई करायची, ही आजच्या पथकर-मक्त्याची पद्धत इथे स्पष्ट दिसते. तिच्यातली जोखीमही दिसते. ए-९ बेझिएजवळ हा कालवा ओलांडतो.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९० मध्ये सरंजामी पथकर जवळजवळ सगळे मोडीत काढले. रस्ता सर्वांचा आणि म्हणून मोफत, ही कल्पना फ्रेंच मनात इतकी रुजली की १८८० च्या कायद्याने राष्ट्रीय मार्गांवर नवे पथकराचे पूल बांधण्यासही बंदी केली.

‘अपवाद’ म्हणून

मग विसाव्या शतकात पथकर परत कसा आला? मोटारींसाठी वेगळा, चौक आणि फाटके नसलेला मार्ग बांधण्याचा पहिला मोठा प्रयोग १९२४ मध्ये इटलीत मिलान शहराजवळ झाला आणि त्यावर पहिल्या दिवसापासून पथकर होता. जर्मनीने आपले असे मार्ग मोफत ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सपुढे घरे, कारखाने आणि उद्ध्वस्त पूल उभारण्याचे काम होते. महामार्गांसाठी तिजोरीत पैसा नव्हता. १८ एप्रिल १९५५ च्या कायद्याने यातून वाट काढली. महामार्गांचा वापर तत्त्वतः मोफत राहील, पण अपवादात्मक परिस्थितीत बांधकामाचा मक्ता देऊन पथकर घेता येईल, असे त्यात म्हटले होते. अपवादाचा नियम होण्यास फार वर्षे लागली नाहीत. आज फ्रान्समधल्या द्रुतगती महामार्गांच्या लांबीचा मोठा भाग पथकराचा आहे.

आरंभीच्या मक्तेदार कंपन्या नावाने कंपन्या असल्या तरी मालकी सार्वजनिक होती. ऱ्होन खोऱ्यातला मार्ग बांधण्यासाठी १९५७ मध्ये अशी एक कंपनी निघाली. तिनेच पुढे ए-९ चे काम केले आणि १९७३ मध्ये तिचे नाव ‘दक्षिण फ्रान्सचे महामार्ग’ अशा अर्थाचे झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऱ्होनकडच्या टोकाने काम सुरू झाले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस सरहद्दीपर्यंतचा सलग मार्ग तयार झाला. सरकारने १९६३ पासून या किनाऱ्यावर दलदल आणि डास हटवून पर्यटनाची नवी गावे वसवायला घेतली होती. त्यांनाही हा मार्ग उपयोगी पडला.

या पद्धतीचा हिशेब वरवर सोपा आहे. कर्ज काढून रस्ता बांधायचा, पथकरातून मुद्दल आणि व्याज फेडायचे आणि मुदत संपली की रस्ता सरकारला परत द्यायचा. प्रत्यक्षात एका भागाचे कर्ज फिटत आले की त्याच्या उत्पन्नाच्या आधारावर दुसऱ्या, कमी वाहतुकीच्या मार्गाचे बांधकाम हाती घेतले जाई आणि मुदत पुढे ढकलली जाई. यातून देशाला रस्त्यांचे जाळे मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याने पथकर भरला तो नेमका कोणत्या रस्त्यासाठी भरला, हे सांगणे कठीण झाले.

२००६ मध्ये सरकारने या कंपन्यांमधील आपला हिस्सा खाजगी उद्योगसमूहांना विकला. ए-९ ची कंपनी ‘व्हँसी’ या बांधकाम समूहाकडे गेली. तिचा मक्ता २०३६ पर्यंत आहे. २०१४ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा नियामक संस्थेने महामार्ग कंपन्यांचा नफा त्यांनी पत्करलेल्या जोखमीच्या मानाने फार जास्त असल्याचा निष्कर्ष काढला. कंपन्यांचे म्हणणे असे की विकत घेतानाचे कर्ज आणि पुढची गुंतवणूक धरली, तर हिशेब वेगळा दिसतो. हा वाद फक्त कागदावर राहिला नाही. इंधनावरच्या करावरून नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘पिवळ्या जाकिटां’चे आंदोलन पेटले, तेव्हा अनेक टोलनाके आंदोलकांचे लक्ष्य झाले. डिसेंबरच्या पहिल्याच रात्री ए-९ वरच्या नार्बनच्या दक्षिण नाक्याला आणि तिथल्या कार्यालयांना आग लावण्यात आली. ज्या सडकेच्या पैशांवरून दोन हजार वर्षांपूर्वी खटला झाला, तिच्याच वाटेवर ही घटना घडली.

रस्ता कोण झिजवतो?

आता पुन्हा अंब्रुसुमच्या चाकोऱ्यांकडे वळू. जो वापरेल त्याने पैसे द्यावेत, हे पथकरामागचे तत्त्व आहे. पण ‘वापर’ मोजायचा कशाने? रस्त्यावरून गेलेल्या अंतराने, की रस्त्याच्या झालेल्या झिजेने?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात याचा एक मोठा प्रयोग झाला. वेगवेगळ्या जाडीचे रस्ते बांधून त्यांवर ठरावीक वजनाच्या मालमोटारी सुमारे दोन वर्षे सतत फिरवल्या. एकूण अकरा लाखांहून अधिक फेऱ्यांमधून जो निष्कर्ष निघाला तो ‘चौथ्या घाताचा नियम’ म्हणून ओळखला जातो. एका आसावरचा भार दुप्पट केला, तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही. ते २ चा चौथा घात, म्हणजे सोळापट होते.

असे का व्हावे? चाक वरून जाते तेव्हा डांबरी थर किंचित वाकतो आणि त्याच्या तळाशी ताण येतो. एकदा वाकल्याने काही बिघडत नाही, पण लाखो वेळा वाकल्यावर सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या वर चढत येतात. वर्गात बारीक तार घेऊन हे करून पाहता येईल. तार थोडी थोडी वाकवली तर ती पुष्कळ वेळा टिकते. जास्त वाकवली की थोड्याच वेळात तुटते, आणि किती वेळा टिकली हे मोजले, तर ती संख्या वाकवण्याच्या प्रमाणापेक्षा फारच वेगाने घटत जाते. याला पदार्थाचा थकवा म्हणतात.

आता गणित करू. लहान मोटारीच्या एका आसावर अर्धा टन भार धरा आणि भरलेल्या मालमोटारीच्या एका आसावर दहा टन. भार वीसपट आहे. २० चा चौथा घात १,६०,००० येतो. म्हणजे मालमोटारीचा एक आस रस्त्याचे जेवढे नुकसान करतो, तेवढे करायला लहान मोटारीचे एक लाख साठ हजार आस जावे लागतील. ए-९ वर मात्र मोठ्या मालमोटारीचा पथकर लहान मोटारीच्या साधारण तिप्पट असतो.

यावरून मालमोटारींनी लाखपट पथकर भरावा असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हा नियम अंदाजे आहे आणि रस्त्याच्या रचनेप्रमाणे घात बदलतो. शिवाय जमीन, पूल, कर्जाचे व्याज, दिवे आणि गस्त यांचा खर्च झिजेवर ठरत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत समुद्राकडे निघालेल्या लाखो मोटारी रस्त्याचा पृष्ठभाग फारसा झिजवत नाहीत, पण त्यांच्या गर्दीमुळे रस्ता रुंद करावा लागतो. माँपेलिएजवळ तर २०१७ मध्ये जुन्या मार्गालगत नवा मार्गच बांधावा लागला. आणि मालमोटारीचा पथकर वाढवला तर तो शेवटी तिच्यातल्या संत्र्या-टोमॅटोंच्या किमतीत येतो. तरीही एवढे खरे की, डांबराच्या दुरुस्तीचा बहुतेक भाग जड वाहनांमुळे होतो आणि लहान मोटारीचा मालक त्यातला काही वाटा त्यांच्या वतीने भरत असतो. वेठीच्या काळी जे उघड होते, ते इथे दरपत्रकात झाकलेले आहे.

सरहद्दीच्या दोन बाजू

ल पेर्त्युसच्या खिंडीत आता अडवणूक उरलेली नाही. १९९३ मध्ये युरोपची एकसंध बाजारपेठ झाल्यावर मालाची जकात-तपासणी संपली आणि २६ मार्च १९९५ रोजी शेंगेन करार अमलात आल्यावर प्रवाशांची नियमित तपासणीही थांबली. पण एक फरक नव्याने उभा राहिला आहे. सरहद्दीपलीकडचा ला झुंकेरा ते बार्सिलोना हा महामार्ग, ‘एपी-७’, १९६७ च्या मक्त्यातून बांधला गेला. तिथेही मुदत वाढत गेली. अखेर ३१ ऑगस्ट २०२१ रोजी मक्ता संपला, सरकारने मुदत पुन्हा वाढवली नाही आणि टोलनाके उघडे झाले. आज एकच मालमोटार फ्रान्समध्ये पथकर भरते आणि खिंड ओलांडून स्पेनमध्ये गेल्यावर मोफत धावते.

मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. स्पेनमध्ये आता देखभालीचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे करदात्यावर आहे. यात महामार्गावर कधीही न जाणारा नागरिकही आला. नाके उठल्यावर वाहतूक ठळकपणे वाढली आणि तिच्याबरोबर कोंडीही. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पथकर असताना तो चुकवण्यासाठी मालमोटारी गावांमधून जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय मार्गाने जात. अपघात इतके झाले की खिंडीजवळच्या भागात २०१३ मध्ये त्या मार्गावर जड वाहनांना बंदी करून त्यांना महामार्गाकडे वळवावे लागले. म्हणजे पथकराची किंमत काही वेळा पथकर न भरणाऱ्याने, रस्त्याकाठच्या रहिवाशाने, जिवाने मोजली होती.

याच खिंडीखालून ८.३ किलोमीटरचा रेल्वेचा बोगदा जातो. पेर्पिन्याँ आणि स्पेनमधील फिगेरास यांना जोडणारा हा लोहमार्गही खाजगी मक्त्यावर बांधला होता. २०१० मध्ये तो खुला झाला, पण पुरेशा गाड्याच आल्या नाहीत. मक्तेदार कंपनी बुडाली आणि २०१६ अखेर दोन्ही देशांच्या सार्वजनिक रेल्वे संस्थांना तो ताब्यात घ्यावा लागला. वरच्या रस्त्यावर नफा झाला तेव्हा तो मक्तेदाराकडे गेला. खालच्या बोगद्यात तोटा झाला तेव्हा ओझे सरकारवर आले. रिकेच्या वारसांनी आपले कर्ज निदान स्वतः फेडले होते.

आता २०३६ साल जवळ येत आहे. ए-९ चा मक्ता संपेल तेव्हा फ्रान्सपुढे तीन वाटा असतील. पथकर रद्द करून खर्च करातून करणे, नवा मक्ता देणे, किंवा पथकर सरकारनेच घेऊन त्यातून रस्ते आणि रेल्वे दोन्ही सुधारणे. कोणतीही वाट निवडली तरी चाळीस टनांची वाहने डांबर वाकवीतच राहणार. ‘कर्ज फिटले, आता रस्ता फुकट’ हे वाक्य बांधकामापुरते खरे असते, देखभालीला ते लागू पडत नाही.

इतिहासाच्या, भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक तक्ता करून घ्यावा. आपल्या शाळेपुढून जाणारा रस्ता घ्यावा आणि पाच रकाने पाडावेत : तो बांधला कोणी, पैसे दिले कोणी, वापरतो कोण, झिजवतो कोण आणि त्याचा त्रास कोणाला होतो. तासाभर रस्त्याकडेला सुरक्षित अंतरावर बसून वाहने मोजावीत, त्यांचे आस मोजावेत आणि चौथ्या घाताचा हिशेब मांडावा. पाचही रकान्यांत एकच नाव क्वचितच येईल. ज्या रकान्यांत नावे वेगळी येतील, तिथे वर्गात चर्चा थांबवू नये.